काळ्या घोडीचा हरवलेला किलो

१

काळी घोडी जिंकली आणि चार मिनिटांनी हरली.

जिंकताना तिला सगळ्या मैदानाने पाहिलं. वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत, पाचच घोडे, आणि निम्म्याहून जास्त लोकांचे पैसे काळ्या घोडीवर लागलेले. ती सगळ्यांना मागे टाकून आली तेव्हा अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि लगेच एकमेकांचे खिसेही चाचपून पाहिले. हरली ती मात्र एका लहानशा खोलीत. तिथे एक काटा, एक टेबल, एक रजिस्टर आणि काटेमामा, एवढाच संसार होता.

मामांचं काम सांगायला सोपं आणि करायला कटकटीचं. कुठल्या घोड्याने किती वजन वाहायचं हे आधी ठरलेलं असतं. म्हणून शर्यतीआधी प्रत्येक जॉकी नंबरच्या कापडात गुंडाळलेलं आपलं खोगीर कवटाळून काट्यावर उभा राहतो, मामा आकडा वाचतात आणि लिहितात. शर्यत संपली की पहिले तिघे आपापलं खोगीर काढून, तसंच कापडात गुंडाळून, परत काट्यावर येतात. आकडा जुळला की मामा मोठ्याने म्हणतात, “बरोबर!” त्या एका शब्दावर पैजांच्या खिडक्या उघडतात आणि लोकांच्या हातात पैसे पडतात. एकतीस वर्षं मामा हा शब्द म्हणत आले होते. आज त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता.

काळ्या घोडीची जॉकी काट्यावर चढली. अंगापिंडाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ठरलेलं वजन पंचावन्न किलो, आणि शर्यतीआधी मामांनी स्वतःच्या हाताने पंचावन्न लिहिलेलं. आता काटा चोपन्नावर जाऊन थांबला.

मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काट्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

“एक किलो कमी,” मामा म्हणाले.

मग जो गोंधळ झाला त्याला गोंधळ म्हणणं हा गोंधळाचा अपमान आहे. घोडीचा मालक ओरडत आत आला, त्याच्यामागे जॉकी, मोतद्दार, पत्रकार आणि कुणाचंही कुणी नसलेले चार लोक आत आले. अर्ध्या तासाने नियमबाईंना बोलावणं गेलं तेव्हा खोलीत काट्याला हलायलासुद्धा जागा उरली नव्हती.

२

नियमबाई म्हणजे शर्यतींवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या निरीक्षक. हे नाव त्यांना कुणी प्रेमाने दिलेलं नव्हतं. एकदा त्यांनी चुकीच्या जागी लावल्याबद्दल स्वतःच्याच गाडीला दंड केला होता आणि पावती मागून घेतली होती. त्यांना स्वतःला यात विनोदी काही वाटत नसे. नियम सगळ्यांना सारखा, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि असं म्हणणाऱ्या बाईला चहाला बोलावणारे लोक कमीच असतात.

क्लबचे अध्यक्ष दारातच उभे होते, हातात टाइप केलेला कागद.

“मॅडम, तुम्हाला त्रास नको म्हणून मी निर्णय तयारच ठेवलाय. खाली सही केली की झालं.”

“चौकशीच्या आधी निर्णय?”

“वेळ वाचतो हो. हे बघा, नियम तेवीस. वजनातली चूक क्लबच्या माणसाची असेल तर घोड्याला शिक्षा नाही, निकाल कायम. मामांनी आधीचं वजन न बघता लिहिलं, विषय संपला. घोडी जिंकली, लोक खूश, मालक खूश, आणि या शर्यतीचं कमिशन क्लबला मिळालं. या एका कमिशनवर आमचे वर्षभराचे पगार निघतात, मॅडम. घोडी बाद केली तर बाहेरचे लोक खुर्च्या मोडतील. त्या खुर्च्याही क्लबच्याच आहेत.”

“आणि मामा?”

“त्यांना आज जायचंच आहे.”

“निवृत्त होऊन जाणं वेगळं आणि बडतर्फ होऊन जाणं वेगळं,” बाई म्हणाल्या. “बडतर्फ माणसाला ग्रॅच्युइटी मिळत नाही.”

अध्यक्षांनी हा मुद्दा ऐकला नाही. ऐकू न येण्याची कला त्यांना अध्यक्ष होण्याआधीपासून अवगत होती.

बाहेर बाकावर मामी बसल्या होत्या, मांडीवर डबा. एकतीस वर्षांत त्या पहिल्यांदाच मैदानावर आल्या होत्या. त्यांनी बाईंचा हात धरला. “अहो बाई, त्या पैशांवर आम्ही घर ठरवलंय. दोन खोल्यांचं, पण आपलं. घराचं राहू दे, पैशांचंही राहू दे. पण हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले, तर मी काय करू? या माणसाला कुणी खोटं म्हटलेलं सोसत नाही.”

बाईंनी मनातल्या मनात नियमावली चाळली. नियमात यावर काही नव्हतं.

घड्याळात साडेचार झाले होते. शेवटची शर्यत सव्वापाचला. तोपर्यंत बाईंनी निर्णय दिला नाही तर अध्यक्षांचा कागद लागू होणार होता.

त्या आत गेल्या. मामा काट्याशेजारी ताठ उभे होते, जणू काही त्यांचंच वजन व्हायचं आहे.

“मामा, टेबलाचा खण उघडू?”

“उघडा की. लपवण्यासारखं काय आहे? एक पट्टी, दोन पेन आणि अपचनाच्या गोळ्या.”

बाईंनी खण ओढला. पट्टी होती, पेनं होती, गोळ्याही होत्या. आणि सगळ्यांच्या वर एक जाडजूड पाकीट होतं, नोटांनी ठासून भरलेलं.

३

“लाच!” अध्यक्ष जवळजवळ आनंदाने म्हणाले. “कमी वजनाने घोडी पळवायची, म्हणून यांना पैसे दिले!”

मामांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. “बाई, हे माझं नाही. देवाशपथ, मी हे आयुष्यात पाहिलेलं नाही.”

“सगळे असंच म्हणतात,” अध्यक्ष म्हणाले.

“एक मिनिट,” बाई म्हणाल्या. “एक किलो कमी आहे हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

“मामांनी.”

“म्हणजे यांनी लाच खाल्ली, शर्यतीआधी खोटा आकडा लिहिला, आणि शर्यतीनंतर स्वतःच बोंब मारली? नुसतं ‘बरोबर’ म्हटलं असतं तर कुणाला काय कळलं असतं?”

अध्यक्ष म्हणाले, आयत्या वेळी घाबरले असतील. पण ते बोलताना त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

बाईंनी प्रमाणित लोखंडी वजनं मागवली. दहा, वीस, पन्नास, पंचावन्न. काटा दर वेळी नेमका आकडा दाखवत होता. मामा दर वेळी हळूच ‘बरोबर’ म्हणत होते, त्यांना सवयच होती. मग बाईंनी चिमणीला बोलावलं. तिचं गाठोडं कोपऱ्यात ठेवलेलं होतं, ते घेऊन ती पुन्हा काट्यावर चढली.

काटा पंचावन्नावर थांबला.

मघाशी हरवलेला किलो स्वतःच्या पायाने घरी परत आला होता.

“म्हणजे मामांना दिसत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “लाच नसेल तर मोतीबिंदू. सही करा, मॅडम.”

“पण मीही चोपन्नच पाहिला!” चिमणी म्हणाली. “माझ्या डोळ्यांनी.”

४

बाईंनी एकेकाला शेजारच्या खोलीत बोलावलं. तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बंद पंखा होता.

चिमणी पहिली आली.

“बस.”

“नको, उभीच बरी आहे.”

“बस गं, रागावणार नाही मी.”

“रागाचं नाही, बाई. बसवतच नाहीये. आज घोडीवर हाडं अशी टोचली म्हणून सांगू! चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, मोठी शर्यत आहे, ताणामुळे असेल.” ती रडकुंडीला आली होती. “मी जिंकले की नाही ते तरी सांगा. आईला फोन करून बसलेय मी.”

बाईंनी वहीत लिहिलं: बसत नाही.

दुसरा आला लंबू. तांबड्या घोड्याचा जॉकी, शर्यतीत दुसरा. काळी घोडी बाद झाली तर पहिला नंबर याचाच, तेव्हा संशयही पहिला याच्यावरच. जॉकीच्या मानाने उंच माणूस, आणि उंच जॉकीचं आयुष्य म्हणजे जन्मभराचा उपास. पण लंबूचे गाल चांगले भरलेले होते. तो आरामात खुर्चीत बसला.

“वजन कसं सांभाळता?” बाईंनी विचारलं.

“घाम, मॅडम. गरम पाण्याच्या टबात बसायचं, स्वेटर घालून पळायचं. शर्यतीतसुद्धा मला इतका घाम येतो की घोडा माझ्याकडे वळून बघतो.”

“आज जेवलात?”

“बहीण आली होती. दोनदा वाढलं तिने. नाही म्हणता आलं नाही.”

“तरी शर्यतीआधी वजन पंचावन्न भरलं?”

“देवाची कृपा,” लंबू म्हणाला आणि छताकडे पाहू लागला. देव बहुधा पंख्यावर बसला असावा.

तिसरा आला खोगीरवाला. क्लबचा नाही, जॉकींनीच पगारावर ठेवलेला. त्या सगळ्यांची खोगिरं सांभाळणारा, पुसणारा, वजनानंतर घोड्यांवर नेऊन चढवणारा हा माणूस. साधा, बडबड्या, ढगळ कोट घातलेला. तो खुर्चीत असा ताठ बसला की बाईंना शाळेतले वर्गफोटो आठवले.

“मामांच्या खणात पाकीट कुणी ठेवलं?”

त्याने लगेच हात वर केले. “मी, बाई. पण ती लाच नाही हो! मामांच्या निरोपासाठी वर्गणी काढली होती आम्ही. सगळ्या जॉकींनी दिली, घोडे धुणाऱ्यांनी दिली. पाकिटात यादी आहे बघा, कुणी किती दिले ते. मामांना आधी कळू द्यायचं नव्हतं. ते बाहेर जातील तेव्हा खणात सरकवायचं ठरलं. ते कधी बाहेरच जाईनात! शेवटी या शर्यतीच्या आधी पाणी प्यायला दोन मिनिटं गेले, तेवढ्यात मी घुसलो.”

बाईंनी पाकीट उघडलं. यादी होती, बत्तीस लोकांची. सगळ्यात खाली लिहिलं होतं: मामांना चष्म्याची नवी फ्रेम, उरलेल्यात मामींना साडी.

“हे आधीच का नाही सांगितलंत?”

“सांगणार होतो...”

बाईंच्या हातून पेन घरंगळलं आणि जमिनीवर पडलं. खोगीरवाला उचलायला उठला. पण तो वाकला नाही. पाठ भिंतीसारखी सरळ ठेवून, गुडघे दुमडत, हात खाली सोडत तो हळूहळू जमिनीपर्यंत गेला, पेन पकडलं, आणि तसाच सरळ वर आला.

“पाठ धरलीय,” तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

बाईंनी वहीत लिहिलं: वाकत नाही.

५

घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. बाहेर लोक खिडक्यांवर हात आपटत होते. बाईंच्या हातात काय होतं? एक न बसणारी मुलगी, एक न वाकणारा माणूस आणि एक जेवलेला जॉकी. यातून मामांना वाचवायचं होतं, आणि कसं ते त्यांना अजून कळत नव्हतं.

अध्यक्ष आले. या वेळी त्यांनी कागदाबरोबर क्लबचा वार्षिक ताळेबंदही आणला होता.

“मॅडम, तुम्हाला वाटतं मी वाईट माणूस आहे. पण हे बघा. गवताचा खर्च दुप्पट, पैजांवरचा सरकारी कर वाढला, तिकिटविक्री घटली. जमेच्या बाजूला एकाच रकान्यात वाढ आहे. दंड! जॉकींकडून मिळणारा किरकोळ दंड गेल्या वर्षीपेक्षा तिप्पट. तेवढ्यावर मी पाण्याचं बिल भरलं.”

“तिप्पट?” बाईंनी मान वर केली. “कसला दंड?”

“मला काय माहीत! येतोय ना, मग विचारतो कोण?”

बाई उठल्या आणि जवळजवळ पळतच काट्याच्या खोलीत गेल्या. त्यांना पळताना पाहायची कुणाला सवय नव्हती, त्यामुळे बाहेरच्या माणसांना वाटलं, आग लागली.

त्यांनी मामांचं रजिस्टर उघडलं. सगळे त्या रजिस्टरात एकच गोष्ट शोधत होते, कुठे कमी पडलं. शेवटच्या रकान्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं, कारण तिथे ज्यांचं वजन परत येताना जास्त भरलं त्यांची नोंद असे. जास्त वजन वाहणाऱ्याचा फायदा काहीच नाही, उलट घोडा दमतो. म्हणून त्याला नुसता किरकोळ दंड, आणि कुणाची तक्रार नाही.

मामांच्या सुवाच्य अक्षरात आठवड्यामागून आठवडे तेच लिहिलेलं होतं. लंबू: जाताना बरोबर, येताना एक किलो जास्त. दंड भरला. लंबू: एक किलो जास्त. दंड भरला. आजचीही ओळ होती. एवढ्या गोंधळात मामांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या जॉकीचं वजन घेतलंच होतं आणि नियमाप्रमाणे लिहिलंही होतं. तिसरा बरोबर. लंबू छप्पन्न, एक किलो जास्त.

बाईंनी रजिस्टर बंद केलं.

“सगळ्यांना बोलवा,” त्या म्हणाल्या. “आणि खोगीरवाल्याला खुर्ची देऊ नका. हरवलेला किलो सापडलाय. तो या खोलीत चालत येणार आहे.”

६

सगळे काट्याभोवती उभे राहिले. मामा एका बाजूला, मामी दारात.

“शर्यतीत पैसे हरवत नाहीत,” बाई म्हणाल्या. “एकाच्या खिशातून जातात आणि दुसऱ्याच्या खिशात पडतात. वजनाचंही तसंच असणार. चिमणीचा एक किलो कमी आला. म्हणून मी शोधलं, जास्त कुणाचा आला. लंबू, तुम्हाला शर्यतीत खूप घाम येतो ना?”

“बदाबदा, मॅडम.”

“मग जगात तुम्ही एकटेच आहात, जे घाम गाळून एक किलोने वाढता. तेही दर आठवड्याला. आणि दंड मुकाट्याने भरता, एकदासुद्धा भांडत नाही. माणूस न भांडता पैसे भरतो तेव्हा त्याला ते स्वस्त पडत असतात.”

लंबूने पुन्हा छताकडे पाहिलं. या खोलीत पंखा नव्हता.

“वजन केल्यापासून घोड्यावर बसेपर्यंत अंगावर एक किलो चढतो तो कुठून? मांस तर नाही. कपडे तेच. उरलं काय? खोगीर. तेवढंच तुमच्या हातातून जातं आणि दुसरा माणूस घोड्यावर चढवतो. म्हणजे खोगिरं दोन आहेत. एक खरं, दोन किलोंचं, बसायचं. दुसरं कागदासारखं पातळ, एक किलोचं, फक्त काट्यावर दाखवायचं. वरून नंबरचं कापड गुंडाळलेलं, तेव्हा आत काय आहे ते मामांना कसं दिसणार? ज्या दिवशी पोटभर जेवण, त्या दिवशी पातळ खोगीर.”

“पण बाई,” चिमणी म्हणाली, “माझा काय संबंध?”

“तुला आज हाडं का टोचली? कारण तू पातळ खोगिरावर बसलीस. आज अदलाबदल चुकली. आणि चुकली, कारण खोगीर बदलणाऱ्या माणसाला त्याच वेळी दुसरं एक चोरटं काम होतं. पाकीट ठेवायचं.” बाई वळल्या. “मामांची पावलं ऐकू आली, तुम्ही दचकलात, हातातली गाठोडी सुटली. बरोबर?”

खोगीरवाल्याने मान खाली घालायचा प्रयत्न केला. तीही नीट खाली जाईना.

“दोन्ही सुटली, बाई, आणि बगलेतलं लंबूचं खरं खोगीरही,” तो म्हणाला. “तीन खोगिरं जमिनीवर, आणि मामा दारात. कशात काय गुंडाळलं मलाच कळलं नाही. ‘एक किलो कमी’ ऐकलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग त्या गर्दीत चिमणीच्या कापडात तिचं खरं खोगीर परत घातलं, आणि पातळ...”

“पातळ कुठे आहे?”

बाईंनी पेन काढलं आणि मुद्दाम, सगळ्यांच्या देखत, जमिनीवर टाकलं.

“उचला.”

खोगीरवाल्याने पेनाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कोटाची बटणं सोडायला लागला. पाठीवर, शर्टाच्या आत, पट्ट्याने आवळून बांधलेलं एक पातळ खोगीर निघालं. अर्ध्या तासाहून जास्त तो माणूस स्वतःच घोडा होऊन फिरत होता.

हसू आवरणं कुणालाच जमलं नाही. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांनी ते खोगीर हातात घेतलं, काट्यावर ठेवलं आणि आकडा वाचला. एक किलो, बरोबर.

“किती वर्षं चाललंय हे?” त्यांनी विचारलं.

लंबू बुटांकडे बघत होता, मागे उभे असलेले दोन जॉकीही. मैदानावर काम करणाऱ्या बहुतेकांना ठाऊक होतं, एका मामांना मात्र नव्हतं.

“माझा काटा कधी चुकला नाही,” मामा म्हणाले. “पण मी काय मोजत होतो? एकतीस वर्षं मी छातीठोकपणे ‘बरोबर’ म्हणत होतो, आणि तुम्ही मागे जाऊन हसत होता.”

“हसत नव्हतो, मामा,” खोगीरवाला रडवेला होऊन म्हणाला. “तुमच्याबद्दल वाईट वाटायचं. म्हणून तर वर्गणी काढली.”

त्याने मामांना जास्तच लागलं.

बाईंनी निर्णय वाचला. मामा निर्दोष, त्यांची निवृत्ती आणि ग्रॅच्युइटी कायम. चूक क्लबच्या माणसाची नाही, तेव्हा नियम तेवीस लागू नाही. काळी घोडी कमी वजनाने पळाली म्हणून बाद. तांबडा घोडा वजनात फसवणूक केली म्हणून बाद. खोगीरवाल्याला दंड आणि महिनाभर कामबंदी. लंबूवर तीन महिने बंदी. हे ऐकून लंबू आधी खचला, मग तीन महिने जेवायला मिळणार हे लक्षात येऊन त्याचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

“म्हणजे जिंकलं कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“तिसरा. पांढरा घोडा.”

“तो? तो गेल्या अकरा शर्यतींत शेवटून पहिला आलाय! त्याच्यावर पैसे कुणी लावलेत?”

त्यांनी पैजांच्या खिडकीला फोन लावला. ऐकता ऐकता ते खुर्चीवर बसले.

“एक तिकीट,” ते म्हणाले. “सगळ्या मैदानात फक्त एक तिकीट. कमिशन कापून उरलेली सगळी रक्कम त्या एका माणसाची!”

दारात मामींच्या हातून डबा पडला.

७

“मला तो घोडा आवडला हो,” मामी म्हणाल्या. तिकीट त्यांच्या मुठीत चुरगळलं होतं. “बाकीचे कसे हडकलेले. हा एकटाच घरचं जेवल्यासारखा दिसत होता. आणि हे आज निवृत्त होणार, म्हटलं एकदा लावून बघू.”

अध्यक्ष एकदम उजळले. “अभिनंदन, वहिनी! क्लबला कमिशन, तुम्हाला बक्षीस. सगळं नियमात बसलं!”

बाईंना नियम एकोणीस पाठ होता. क्लबच्या नोकरीत असलेल्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी पैज लावायची नाही. लावली तर तिकीट रद्द. आणि वैध तिकीट एकही उरलं नाही, तर कमिशन न कापता सगळ्यांचे पैसे परत. तिकिटावर नाव नसतं. बाई बोलल्या नसत्या तर कुणी विचारलंही नसतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलावंसं वाटेना. ती रक्कम मामांच्या एकतीस वर्षांच्या पगाराहून मोठी होती. आज या माणसाचं सगळ्यांनी हसं केलं होतं, त्याचं थोडं भरून निघालं तर कुणाचं काय बिघडणार होतं? त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“बाई,” मामा म्हणाले, “लिहा. नियम एकोणीस.”

“मामा, तुम्ही आज निवृत्त...”

“शेवटच्या शर्यतीनंतर. ती व्हायची आहे अजून.”

“अहो!” मामी ओरडल्या. “तुमच्या या लोकांनी इतकी वर्षं फसवलं तुम्हाला! आणि तुम्ही अजून नियमच धरून बसलाय?”

“त्यांनी फसवलं ते त्यांचं त्यांच्यापाशी,” मामा म्हणाले. “मी कुणाला फसवलं नाही, एवढंच उरलंय माझ्यापाशी. ते तरी मला घेऊन जाऊ दे.”

मामींनी भरून आलेले डोळे पदराने पुसले. मग तिकीट सरळ केलं आणि बाईंच्या हातात दिलं.

“घ्या बाई, रद्द करा. नाहीतर हा माणूस जन्मभर झोपायचा नाही, आणि मलाही झोपू द्यायचा नाही.”

बाईंनी तिकिटावर रेघ मारली. हाताला एवढं जड काम त्यांनी आजवर केलेलं नव्हतं. अध्यक्षांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं, कारण कमिशन गेलं होतं. बाहेर पैसे परत मिळणार हे कळल्यावर लोकांनी असा जल्लोष केला की जणू पाचही घोडे जिंकले. मामी तिकिटाचे पैसे परत घ्यायला रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, हजारो लोकांच्या मागे.

सव्वापाच होत आले होते. शेवटच्या शर्यतीचे जॉकी काट्याच्या खोलीत आले, एकामागोमाग एक, गाठोडी छातीशी धरून.

मामा काट्याशेजारी उभे राहिले. पहिला जॉकी चढणार, तोच त्यांनी हात आडवा केला.

“थांब. कापड सोड.”

जॉकीने कापड सोडलं. आत पातळ खोगीर होतं. त्याच्यामागे उभ्या असलेल्या दोघांनी काही न बोलता आपली गाठोडी घेतली आणि खोगीर बदलायला परत वळले. बाकीचे गाठोडी सोडायला लागले. मामांनी प्रत्येकाचं खोगीर हातात घेऊन, उलटंसुलटं करून पाहिलं आणि काट्यावर ठेवलं. शर्यत वीस मिनिटं उशिरा सुटली. क्लबच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं, आणि नियमाप्रमाणे त्याचा दंड मामांच्या शेवटच्या पगारातून कापायला हवा होता. नियमबाईंनी तो लिहिला, पावती फाडली, आणि स्वतःच्या पर्समधून भरला.